डावा कान

साकोलीच्या स्टँडवर नागपूरची एस.टी. लागली, तेव्हा माय माझ्या हातात एक छोटी बाटली कोंबत होती. लसूण घालून कढवलेलं तेल होतं त्यात. "कानात पाणी जाऊ देऊ नोको," हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. बा माझ्या डावीकडे उभा होता. मी गाडीत चढणार तेवढ्यात तो मला वळसा घालून उजवीकडे आला आणि म्हणाला, "तिथले मास्तर सांगते तसं करजो. भेऊ नोको." बहात्तर-त्र्याहत्तरचा सुमार असेल. मी सतरा वर्षांचा, खांद्यावर साकोलीच्या मास्तरांनी दिलेलं जुनं व्हायोलिन, आणि मनात भीती. नागपूरची भीती नव्हती ती. माझा डावा कान गेलेला होता आणि ते कोणालाच माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

आम्ही धिवर, तलावात मासे धरणारे. तलावात मोठं जाळं टाकलं की दोन्ही काठांनी माणसं ते ओढत पुढे सरकायची आणि बा मधोमध छोट्या होडीत, डोंग्यात, उभा राहायचा. तोंडाने कोणी आवाज करायचा नाही, मासे बुजतात. बा हात वर करी, सगळे थांबत. हात खाली आला की दोन्ही बाजू एकदम ओढत. एका बाजूने जरा आधी ओढलं की मासे त्या बाजूने निसटलेच म्हणून समजा. तसाही बाला आवाजाचा उपयोग नव्हता. बुडातल्या खुंटांत अडकलेलं जाळं सोडवायला वर्षानुवर्षं बुड्या मारून त्याचा उजवा कान पार गेला होता. डाव्यात ओरडलं तर थोडं यायचं. मायने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की पोराने बुडी मारायची नाही. त्यातून मी साकोलीच्या मास्तरांकडे व्हायोलिन शिकत होतो. मास्तर हिवाळाभर नाटकांत वाजवायचे आणि पावसाळ्यात घरी बसून शिकवायचे, आणि माझ्या कानाचं त्यांना फार कौतुक होतं.

सोळाव्या वर्षी एका दुपारी जाळं खोलात अडकलं. बाला दोन दिवसांचा ताप होता, तरी तो तसाच उतरायला निघाला. त्याचा उरलेला कानही जाईल, या भीतीने मी त्याच्या आधी उडी घेतली. खाली काहीतरी फुटल्यासारखं झालं. वर आलो तर डावीकडचा तलाव गप्प. डोंग्यात बाचा खांद्यावरचा दुपट्टा पडला होता, त्या दुपट्ट्याने मी कान पुसला, रक्त दिसलं तसा तो पाण्यात खळखळून धुतला. मास्तर पुढच्या वर्षी मला नागपूरला पाठवणार होते. एका कानाच्या पोराला कोण व्हायोलिन शिकवणार? मी तोंड बंद ठेवलं.

नागपूरची पाच वर्षं आणि मग पुण्याची एवढी वर्षं मी हे झाकत जगलो. व्हायोलिन खांद्याला आणि छातीला टेकलेलं असतं, सूर हाडातूनही कळतो, त्यामुळे स्वतः वाजवताना निभावून जायचं. मैफली मिळू लागल्या, संगीत विद्यालयात नोकरी लागली. शिकवताना मी विद्यार्थ्यांना कायम उजवीकडे बसवायचो; पोरांना वाटायचं, आमच्या गुरूंची शिस्तच तशी. खोलीत शिरलो की आधी भिंत बघायची, डावी बाजू भिंतीकडे जाईल अशी खुर्ची पकडायची. रोज सकाळी डोळे उघडायच्या आत उजव्या कानाशी अंगठा आणि बोट चोळून बघायचो. खसखस ऐकू आली की मग उठायचं. गावात राहिलेल्या सोबत्यांनो, तुम्ही म्हणायचात की हा पुण्याला जाऊन शिष्ट झाला, हाक मारली तर वळत नाही. नव्हतो वळत. डावीकडची हाक मला पोचतच नव्हती.

मग विद्यालयाने माझ्याकडे वाद्यवृंद सोपवला. नाही म्हणायला काही कारणच सापडेना, आणि खरं सांगायचं तर हावही होती. वीस-बावीस वादक, उजवीकडे सतारी आणि बासऱ्या, डावीकडे व्हायोलिनं. माझंच वाद्य आणि तेच मला नीट ऐकू येत नाही. मी त्यांचे गज डोळ्यांनी सांभाळायचो. ज्या क्षणी मान उजवीकडे वळे, त्या क्षणी डावीकडे काय चाललंय याची मला काडीची खबर नसे. त्या दोन वर्षांत मी धड जेवलोही नसेन.

वार्षिक कार्यक्रमाला धाकटा भाऊ बाला घेऊन आला. बा पहिल्या रांगेत, नवा दुपट्टा मांडीवर घेऊन, ताठ बसला होता. कार्यक्रम रंगला, टाळ्या पडल्या, प्राचार्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बा सहज बोलावं तसं बोलला, "डाव्या बाजूवाल्याइनं आधीच ओढलं."

मला हसू आलं. मी त्याच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडलो, "बा, तुले का आयकू येते?"

"हात तं दिसते ना," तो म्हणाला. "तू तिकडं पाह्यत होता, बासरीवाल्याकडं. तेवढ्यात याइनं ओढलं."

कार्यक्रमाची कॅसेट घरात होती. मी ती लावली आणि उजवा कान टेपला लावून बसलो. विलंबितातून द्रुत गतीत जाताना डावीकडची व्हायोलिनं अर्धी मात्रा आधी सुटली होती. मी टेप मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा ऐकला. बा टेपकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तुले आयकू आलं नाही," तो म्हणाला. तो विचारत नव्हता.

मी टेप बंद केली. मग तो हळूहळू म्हणाला, "त्या दिवशी दुपट्टा धुतला तू, पण डाग काही निघाला नाही. मले तवाच समजलं. मास्तरले सांगतलं असतं तं तुले नागपूरले कोणी नेलं नसतं. म्हून मी तुया मायलेबी नाही सांगतलं." त्याने निवलेला चहा संपवला. "इतके वर्स लय भेव वाटलं मले. आता सांगून टाक."

त्याच आठवड्यात मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी वाद्यवृंद दुसऱ्याकडे दिला आणि तो द्यायलाच हवा होता. पण त्या नव्या माणसाच्या पहिल्या तालमीच्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही, दार लावून बसलो. मैफली कमी झाल्या, बातमी पसरायला वेळ लागत नाही. शिकवणं राहिलं. विद्यार्थ्यांना उजवीकडे का बसवतो, हे आता त्यांना माहीत आहे. भीती मात्र गेलेली नाही. रोज सकाळी अजून बोटं चोळून बघतो, आणि एखाद्या दिवशी खसखस येणार नाही, हे डोक्यातून जात नाही.

दिवाळीला गावी गेलो की संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन बसतो. घरातून निघताना माय अजून त्या तेलाची आठवण करून देते. तिला आता सगळं कळलंय, तरी तेल आहेच. बा मागून येतो, मला वळसा घालतो आणि उजवीकडे बसतो. स्टँडवरही तो तसाच, माझा कान ओळखून आला होता, हे मला कळायला वीसेक वर्षं जावी लागली. तो असा बसला की त्याचा उरलेला डावा कान माझ्याकडे येतो आणि माझा उरलेला उजवा त्याच्याकडे. घर म्हटलं की मला आता एवढीच जागा आठवते. परवाच्या खेपेला त्याने विचारलं, "भेव वाटते का अजून?"

"वाटते," मी म्हणालो. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ओरडावं लागलं नाही.