शंभरातले आंबे

देवगडच्या बाजूला आमच्या बागायतदारांनी मिळून आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना काढला होता. मुंबईहून वाणिज्य शिकून आलेला मी एकटाच, म्हणून हिशेब माझ्या गळ्यात पडले. माझी आत्या तिथे आंबे कापायला जायची. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती आमच्या घरी परत आली होती. भावापुढे हात न पसरता स्वतःचं लुगडं घेणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच जमत होतं. कारखाना चालायला हवा होता तो मला तिच्यासाठी.

दुसऱ्या वर्षी विक्री दीडपट झाली आणि अध्यक्षांनी पेढे वाटले. नफा घटला होता, पण तोही येईल मागोमाग, असं सगळे धरून बसले होते. मला कॉलेजातली एक खोड होती. विक्री कितीही असो, ती शंभर धरायची आणि त्या शंभरातलं कुणी किती खाल्लं ते बघायचं. दोन्ही वर्षं शेजारी-शेजारी मांडली. साखर, डबे, कोळसा, मजुरी आपापल्या जागी होती. आंबे तेवढे पंचेचाळिसावरून छप्पन्नावर गेले होते, आणि हाती तेराऐवजी दोनच उरत होते.

आंब्याचा भाव ठरायचा चैत्रात, ग्रामदेवतेच्या कौलाने. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे लावायचा. उजवा पडला तर भाव वाढवायचा, डावा पडला तर गेल्या वर्षीचाच ठेवायचा. कमी करायचा का, हे कुणी विचारतच नसे. विचारणार कोण? संचालक सगळे बागवाले. विकणारेही तेच आणि घेणारेही तेच, तिथे देव बिचारा काय करणार!

मी कागद घेऊन अध्यक्षांकडे गेलो. भाव आणखी एकदा वाढला तर कारखाना बसेल, हे आकड्यांवर बोट ठेवून दाखवलं. त्यांना ते कळलं, याचाच मला जास्त संताप आला. त्यांनी कागदाची नीट घडी करून ती परत दिली.

"भाव देवान दिल्लो आसा. तो माणसांनी कसो उतरवचो?"

मग निदान भाव कमी करायचा का, हा तिसरा प्रश्न तरी देवाला विचारा, असं मी अगदी काकुळतीला येऊन म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

देवळात मी खांबाला टेकून उभा होतो. एरवी देवाला फारसा न मानणारा मी, डाव्या कळ्याला मनातल्या मनात पड, पड म्हणत होतो. उजवा पडला. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि सवयीने माझ्याही तोंडून तेच गेलं.

बाहेर आत्याचा चेहरा फुलला होता. उजवा कौल म्हणजे चांगलं, एवढंच तिला ठाऊक. कारखाना आता चालू राहील ना, असं तिने विचारलं. मला खोटं बोलवेना आणि खरंही. मी चपला शोधत राहिलो.

तो हंगाम कसाबसा पार पडला. पुढच्या चैत्रात फाटकाला कुलूप होतं. आत्या नेहमीसारखी सुरी फडक्यात गुंडाळून आली. तिला काय सांगावं ते न सुचून मी विक्री, शंभर, छप्पन्न असं सगळं समजावू लागलो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मगे ह्यां देवाक कोणीच सांगूक नाय काय रे?"