आधीचा फोटो

"काढ तो फ्रॉक," वॉर्डनबाई म्हणाल्या.

मी नऊ वर्षांची. मिशनच्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात मुलींच्या ओळीत उभी. अंगावर जांभळा फ्रॉक, गळ्याला पांढरी झालर. आदल्याच दिवशी आईनं आणला होता. ऊसतोडीचा हंगाम संपवून ती परत आली, तिसगावच्या बाजारात गाडीतून उतरली, फ्रॉक घेतला आणि घरीही न जाता माझ्याकडे आली. रात्री मी तो घालूनच झोपले होते.

परदेशातून एक गोरी बाई आली होती. तिच्या देशातल्या लोकांनी आमच्यासारख्या मुलांसाठी संस्था काढली होती. एकेका घरानं एकेक मूल वाटून घ्यायचं आणि त्याच्या जेवणाचा, शाळेचा भार उचलायचा. कोणत्या घराला कोणतं मूल, हे फोटो बघून ठरायचं. ते फोटो त्या दिवशी काढायचे होते.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात फाटके कपडे. ते कुणाचेच नव्हते, फोटोपुरते ठेवलेले. धुतलेले, नीट घड्या घातलेले.

मी झालर मुठीत धरून उभी राहिले. आई पायरीशी होती. मला वाटलं, ती बोलेल. फडात मुकादमाला उलट बोलणारी बाई ती.

"काढ गं," आई म्हणाली. "बाई म्हनत्यात तर काढ. मागनं घालशील."

मी काढला. पेटीतला चढवला. वॉर्डनबाईंनी माझी वेणी सोडली, केसांतलं तेल फडक्यानं पुसलं, हातात रिकामी ताटली दिली. गोऱ्या बाईनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्याकडे बघून हसली. म्हणून मीही हसले.

"दात दाखवू नको," वॉर्डनबाई म्हणाल्या. "हसऱ्या पोरीला कोण पोसतं?"

ओळीतल्या पोरी फिसकन हसल्या. मी तोंड मिटलं.

तो फोटो कामाला आला. मला एक घर मिळालं. पुढची सात वर्षं मी त्या घराला दर नाताळात पत्र लिहिलं. फळ्यावर लिहून दिलेलं, सगळ्यांनी एकसारखं उतरवलेलं. मी आनंदात आहे, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते. दहावीपर्यंत शिकले, शिवणकाम शिकले. पोटाला मिळालं, हे खोटं नाही आणि मी ते नाकारत नाही. पण तो फोटो मी कधीच पाहिला नाही. कुणाच्या तरी भिंतीवर, कपाटावर तो असणार. त्या घरातल्या माणसांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं असणार. आजही भर दुपारी कापड कापताना मध्येच मला वाटतं, मी कुठेतरी उभी आहे आणि कुणीतरी बघतंय. कात्री थांबते. मग पुन्हा चालवते. लग्नाच्या फोटोतही माझं तोंड मिटलेलं आहे. नवरा विचारायचा, "एवढी कसली नाराजी?" आधारकार्डावर मात्र मी सगळ्यांसारखीच दिसते.

आज मी पन्नाशीला आले. नगरजवळ केडगावात माझं शिवणाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश शिवते. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

तीन वर्षांपूर्वी नाताळात आमच्या चर्चमध्ये एक मुलगी आली. ग्रेस. मलावी देशातून राहुरीला कृषी विद्यापीठात शिकायला आलेली. तिच्या देशातलं फुलाफुलांचं कापड घेऊन ती माझ्याकडे झगा शिवायला आली आणि येतच राहिली. मला "मावशी" म्हणू लागली. हिंदी, इंग्रजी आणि राहुरीच्या बाजारातलं मराठी असं मिसळून बोलायची. भाजीवालीशी "लई महाग" म्हणून भांडायची. एकदा माझ्याकडचे गणवेशांचे गठ्ठे पाहून म्हणाली, आमच्या गावच्या शाळेत गणवेश नाही म्हणून कितीतरी पोरं येतच नाहीत. लाजतात. बाहेर झाडाखाली बसून शाळा सुटायची वाट बघतात.

मी त्याच दिवशी ठरवलं. शेजारच्या सुमनताई निवृत्त शिक्षिका. त्यांना पत्रव्यवहाराला घेतलं. चर्चमधल्या आणखी चौघी मिळाल्या. पगार कुणाला नाही. शनिवारी दुपारनंतर माझ्या दुकानात जमायचं. मी कापणार, त्या शिवणार. ग्रेसच्या ओळखीचं कुणी सुट्टीला घरी निघालं, की त्याच्या बॅगेत कपडे भरायचे. पहिल्या खेपेला चाळीस गेले.

गल्लीत टोमणे सुरू झाले. "दारची पोरं उघडी, आन् ही निघाली आफ्रिकेला झाकायला."

"दारच्या पोरांना देणारे रग्गड हायेत," मी म्हणाले. "फ्लेक्ससकट."

हे उत्तर मला फार आवडलं होतं. चार जणींना सांगितलं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. मला एकदा देणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं. समुद्रापलीकडच्या कुणाला तरी मी द्यावं. तिकडून कुणी मला दिलं होतं, आता इकडून मी. एवढाच हिशोब होता माझ्या मनात.

दुसऱ्या खेपेला शाळेनं दोनशे मुलांची गरज कळवली. एवढं कापड आमच्याकडे कुठलं? शहरातल्या एका बड्या कापडदुकानाचे शेठ तयार झाले. लागेल तेवढे तागे देतो म्हणाले. चहा मागवला. ग्रेस आणि सुमनताई माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"फक्त एक करा, ताई," शेठ म्हणाले. "एक आधीचा फोटो मागवा. जुन्या कपड्यातला. मग गणवेशातला. लोकांना फरक दिसला पाहिजे."

"मिळेल," मी म्हणाले.

इतकंच बोलले. जीभ अडली नाही. चहा गोड होता, तोही प्याले. ग्रेसनं कप खाली ठेवला, ते मला दिसलं. मी विचारलं नाही. घरी येऊन मीच सुमनताईंना मजकूर सांगितला आणि त्यांनी तिथल्या मास्तरांना इंग्रजीत पाठवला. जुन्या कपड्यातला फोटो असावा, शक्यतो मुलीचा. मुलीचा, हे शेठ बोलले नव्हते. ते माझं.

दोन आठवड्यांनी फोटो आला. सुमनताईंनी तो लगेच शेठना आणि आमच्या ग्रुपवर धाडला. मी दुकानात होते, गिऱ्हाइकाचं माप घेत होते. मोबाईल उघडला.

आठ-नऊ वर्षांची मुलगी. मातीच्या भिंतीसमोर. फाटका, मळका झगा. तोंड मिटलेलं.

माझं काम कपडे बघायचं. मी आधी कपडाच बघितला. खांदा तिचा नव्हता. शिवण दंडावर लोंबत होती, म्हणजे झगा दुसऱ्याच कुणाचा. मग खाली नजर गेली. त्या फाटक्या झग्याच्या खालून दोन बोटं पिवळ्या कापडाची कड दिसत होती. स्वच्छ, नवी, टीप सरळ. आत तिचा स्वतःचा चांगला फ्रॉक होता.

मी ग्रेसला फोन लावला. तिनं मास्तरांना आधीच विचारलं होतं.

"मावशी, मास्तर बोले, निकालो," ती म्हणाली. "नही निकाला उसने. रोई नही, कुछ नही. बस, नही निकाला. तो ऊपर से पहनाया."

गिऱ्हाईक समोर उभं होतं. टेप माझ्या हातात होती. कंबर किती सांगितली, मला आठवत नाही.

तिनं काढला नव्हता. मी काढला होता. आणि तिच्या अंगावर तो घाणेरडा झगा चढवणारी वॉर्डनबाई आता केडगावात राहत होती, स्वतःचं दुकान चालवत होती.

मी सुमनताईंकडे गेले. शेठकडून फोटो परत घ्यायचा म्हणाले. त्यांना कळेचना. "अहो, एवढा छान आलाय. बघवत नाही अगदी." मग म्हणाल्या, "आता शेठनी कार्यक्रम ठेवलाय. उद्याच आहे."

मी शेठना फोन केला. त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला गेले. दुकानासमोर मांडव, खुर्च्या, पाहुणे. मागे भिंतभर फ्लेक्स. एका बाजूला शेठ, हात जोडलेले. दुसऱ्या बाजूला ती. शेठचा चेहरा तिच्या अख्ख्या अंगाएवढा. आणि खालची ती दोन बोटांची पिवळी कड नव्हती. फोटो गुडघ्यावर कापला होता.

शेठ भेटले. मी विचारलं, "खालचा भाग का कापला?"

"डिझायनर म्हणाला, आतून नवा कपडा दिसतोय," ते हसत म्हणाले. "लोक शंका घेतात, ताई. चालायचंच."

"हा फ्लेक्स उतरवा."

"काय?"

"उतरवा. तो झगा तिचा नाही. आपण तिला सोंग घ्यायला लावलं."

ते जवळ सरकले. आवाज खाली आणला. "ताई, बोर्डिंगातली ना तुम्ही? मला सांगितलंय सुमनताईंनी. तुमची माणसं तर फोटोवरच वाढली. तुम्हाला कसली लाज?"

तोपर्यंत ही गोष्ट मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. ती मी तिथे बोलले. माईकवरून नाही, माईक त्यांच्याच हातात होता. पण शाळांच्या मैदानात पोरांची मापं घेऊन घेऊन माझा आवाज मोठा झालाय. मी म्हणाले, "हो, फोटोवरच वाढले. म्हणून मला माहिती आहे, तो काढताना अंगावरून काय काय काढतात. तुम्हाला माहिती नाही. म्हणून तुम्ही छापता."

पाहुणे खाली बघू लागले. एक जण म्हणाला, "अहो बाई, चांगल्या कामात असं करू नये." मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. गाठी सुतळीच्या होत्या, सुटायला वेळ लागला. कुणी मला अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. फ्लेक्स खाली आला तेव्हा शेठचा चेहरा आधी दुमडला. ती नंतर.

शेठचे तागे माझ्याकडे आले होते. त्याच संध्याकाळी रिक्षात घालून परत केले. चौघींपैकी दोघी सोडून गेल्या. म्हणाल्या, तुझ्या हट्टापायी दोनशे पोरं उघडी राहतील. ते खरं आहे. सगळी नाही, पण बरीच राहिली. त्याचं ओझं माझ्यावर आहे आणि मी ते झटकत नाही. सुमनताई महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी येऊन मशीनवर बसल्या. "काज करू का?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले.

ग्रेस म्हणाली, फोटो सगळ्यांनी डिलीट केला. मला ते माहीत आहे आणि उपयोग शून्य, तेही माहीत आहे. ज्यांनी पुढे पाठवला, त्यांच्या पुढच्यांनी किती जणांना पाठवला? ती मुलगी आता नगरच्या कितीतरी मोबाईलमध्ये उभी आहे. तिला ठाऊक नाही. दुपारी कात्री थांबते तेव्हा आता मला एक नाही, दोघी दिसतात. दुसरी मी उभी केलेली.

मागच्या महिन्यात आम्ही संस्थेची नोंदणी करायला घेतली. वकिलांकडे घटना टाईप होत होती. उद्देश, सभासद, बैठका. मी एक कलम सांगितलं. ही संस्था कुठल्याही मुलाचा फोटो, नाव किंवा आभाराचं पत्र मागणार नाही. देणगीदारानं मागितलं तर त्याची देणगी घेणार नाही. शाळेकडून फक्त मापं घेईल. गणवेश मिळाल्यावर मुलांनी आम्हाला लक्षात ठेवायची गरज नाही.

वकील थांबले. चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, असं कलम मी आजवर टाईप केलेलं नाही. अशानं कुणी एक मीटर कापड देणार नाही. वर्षात संस्था मरेल."

"मरू दे," मी म्हणाले. "टाईप करा."