डायव्हर्ट लावून जा

निंबा आबाची पिठाची गिरणी पारोळ्याच्या अलीकडे टेकाडावर आहे. मोबाइलला रेंज म्हणाल तर गावात तेवढ्याच जागी. म्हणून शेतात जाणारी माणसं सकाळी गिरणीवर येतात, "आबा, डायव्हर्ट लाई द्या" म्हणतात आणि आपले सगळे कॉल आबाच्या फोनवर वळवून निघतात. शाळेची पायरी न चढलेल्या बायकाही हा शब्द दळणाइतका सहज बोलतात. फोन आला की आबा निरोप पोचवतो, मग उलटा फोन करून "पोचना", म्हणजे पोचला, एवढं सांगतो. संध्याकाळी ज्याचा त्याचा डायव्हर्ट काढून देतो. सात वर्षांत एक निरोप चुकला नाही, आणि याचा त्याला भारी तोरा!

परवा दुपारी बेबाबाईसाठी फोन आला. तिची चाळीसगावला दिलेली लेक, ज्योत्स्ना, दबक्या आवाजात बोलत होती.

"आबा, आईले सांगा, माले आजच लई जाय. हाऊ माणूस माले मारी टाकी."

फोन कटला. आबा गिरणी बंद करून कापसाच्या वावरात धावला. बेबाबाईनं वेचणीची झोळी तिथंच टाकली, तशाच मळक्या लुगड्यावर रस्ता गाठला आणि मिळाली ती काळीपिवळी पकडली. आबा धापा टाकत गिरणीवर आला आणि सवयीनं उलटा फोन लावला. समोरून हॅलो येण्याचीही वाट पाहिली नाही.

"ज्योत्स्ना, निरोप पोचना. आई निंघनी तुले लेवाले."

पलीकडून जावयाचा आवाज आला, अगदी शांत.

"तिचे सगळे फोन माझ्याकडे डायव्हर्ट असतात, आबा. येऊ द्या सासूबाईंना."

पोरीनं जीव मुठीत धरून दिलेला निरोप आपणच त्या माणसाच्या कानात ओतला! बेबाबाईला सांगायला हवं होतं, एकटी जाऊ नको, आधी पोलिसांत जा. आबानं तिचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं. गडबडीत तिचा डायव्हर्ट काढायचा राहिला होता, आणि तो आपलाच फोन लावत बसला होता.

गिरणी उघडी टाकून तो मोटारसायकलकडे पळाला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पलीकडे ज्योत्स्ना जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

"माय, तू येऊ नको! माय, ऐकस ना?"