दाजीबा वैद्यांना ताप येतो

अप्पा गेले तो शनिवार होता. रविवारपासून आई जेवेना.

म्हणजे ताटावर बसायची. भाकरी मोडायची, तुकडे दह्याच्या कडेनं नीट मांडायची आणि उठायची. "जेवलीस का?" असं विचारलं की म्हणायची, "व्हय की." (ताटातले तुकडे जोडले असते तर अख्खी भाकरी परत तयार झाली असती!)

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि घरी फारसं बोलत नाही. दुःख झालं की पुस्तकात तोंड घालतो. पण त्या दिवसांत पुस्तकही हातात धरवेना. ते ओळखून पुण्याला असलेल्या गौरीनं, माझ्या लेकीनं, मला एका जुन्या कादंबरीचे हप्ते ई-मेलवर लावून दिले. रोज सकाळी एक तुकडा यायचा, चहा निवेपर्यंत संपेल एवढाच. "बाबा, अख्खं पुस्तक आत्ता तुम्हाला झेपायचं नाही," ती म्हणाली. आजारी माणसाला पेज द्यावी तशी मला कादंबरी सुरू झाली.

एका सकाळी गच्चीवर हप्ता वाचत होतो. कादंबरीतले दाजीबा वैद्य हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला बैलगाडीनं निघाले होते. रानात धुकं होतं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मी नकळत मोठ्यानं वाचू लागलो. थांबलो तेव्हा शेजारी बसलेल्या आईचं ताट रिकामं होतं.

अप्पा आयुष्यभर तिला जेवताना पेपर वाचून दाखवायचे, हे मला तेव्हा कुठं आठवलं. दुसऱ्या दिवशी मी लगबगीनं पेपर उघडला.

"त्यो ठेव," आई म्हणाली. "त्यो त्यांचा हाय. तू तुझ्या वैद्याचं वाच."

तेव्हापासून आमचं घर बैलगाडीच्या वेगानं चालू लागलं. ऊन हळूहळू गच्चीवर चढायचं, पलीकडच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालायची आणि आम्ही दोघं गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसल्यासारखे डुलत असायचो.

"बैलांनी पाणी पिलं का रे?"

"तसं लिहिलेलं नाही, आई."

"मग बग की पुढं!"

पुढं बघायची सोय होती. हप्त्याखाली एक बटण असायचं, 'पुढचा भाग आत्ताच हवा?' एका दुपारी, वर्गात मुलं नकाशे भरत असताना, मी ते दाबलं. दाजीबांना ताप आला. पुन्हा दाबलं. ताप वाढला. काळजीनं पुन्हा दाबलं, तर दाजीबा वारले! भाऊ भेटण्याआधीच, एका धर्मशाळेत.

अप्पाही तापानंच गेले होते. हा हप्ता आईला वाचून दाखवला की भाकरीचे तुकडे परत दह्याच्या कडेला जाणार, हे मला स्पष्ट दिसलं. म्हणून त्या हप्त्याचा दिवस आला तेव्हा मी फोन तोंडासमोर धरला आणि वाचलं, "पहाटे दाजीबांचा ताप उतरला."

आईचा हात भाकरीकडे गेला. आता पुढं काय? मी म्हणालो, "समोर नदी होती. ती सह्याद्रीत उगम पावून आग्नेयेकडे वाहत होती."

अडलं की नदी, ही माझी पद्धतच पडली. दाजीबांनी आठवडाभरात सीना ओलांडली, भीमेत अंघोळ केली आणि काळ्या मातीच्या निर्मितीवर गाडीवानाशी चर्चा केली.

"शिवा, ह्या वैद्याला काय झालंय रे? आदी औषध द्यायचा, आता निस्त्या नद्या मोजतोय."

"लेखकाला निसर्गाची आवड असावी."

"आवड न्हाय, येड हाय." पण भाकरी संपली होती.

शेजारच्या पद्माकाकूंना मी विसरलो होतो. (रोज मुलांना 'आपला परिसर' शिकवणारा मी!) आईनं गच्चीवरून त्यांच्यापाशी वैद्यांची बढाई मारली होती आणि काकूंच्या सुनेनं, स्वप्नानं, तीच कादंबरी आपल्या फोनवर लावली होती. त्या आमच्या आठवडाभर मागं होत्या.

तर एका सकाळी काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. आत पिठलं-भाकरी. आमच्याकडं ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजारी असं ताट आणतात. आई दचकलीच.

"कोण गेलं गं?"

"अय्यो, तुमचे वैद्य गेले की वो! धर्मशाळेत! माजा तर जीवच थाऱ्यावर न्हाय."

"मरतंय कशाला? कालच भीमेत अंघोळ केली त्यानं!"

"भीमा? आमच्यात भीमा न्हाय वो. आमच्यात धर्मशाळा हाय!"

दोघी माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी शिकलेले. सांगा, हायत का गेले?"

"दोन आवृत्त्या आहेत," मी म्हणालो. (शिकलेल्या माणसाचा शेवटचा आसरा!)

"मंग जिवंतवाली आमाला पाठवा की!"

आई म्हणाली, "ताट परत ने गं. वैद्य ठणठणीत हाय."

आता मला रोज हप्ता लिहून पाठवणं आलं. स्वप्नानं तो गल्लीभर पुढं ढकलला. बायकांची उत्तरं येऊ लागली. 'भाऊ कधी भेटणार?' 'नद्या कमी करा.' भाऊ मी कृष्णाकाठी उभा केला. भीमा कृष्णेला मिळते, तेव्हा दाजीबांनी काठाकाठानं जावं, की भेट झाली! पण तो संगम पडला लांब रायचूरकडं, आणि गाडी बैलांची. भूगोलाशी बेइमानी मला जमेना. शाळेतले पेपर तसेच पडून राहिले. "भावाला एसटीत बसवा आणि संपवा एकदाचं," माझी बायको सुमन म्हणाली.

मग एका सकाळी आईनं माझ्या फोनवर हात ठेवला.

"शिवा, ऱ्हाऊ दे. पद्माकडचं वाच. धर्मशाळेतलं."

"आई, ते..."

"बैल दमले रे. जाऊ दे त्याला."

मी खरा हप्ता वाचला. परक्या माणसानं दाजीबांच्या तोंडात पाणी घातलं, आणि संपलं. आई रडली. त्या शनिवारपासून ती एकदाही रडली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मीही रडलो. तोवर मीही रडलो नव्हतो.

आवाज ऐकून काकू गच्चीच्या कठड्याशी आल्या.

"काय झालं वो?"

"वैद्य गेले," आई म्हणाली.

"परत?"

तरीही त्या ताट घेऊन आल्या. आईनं ते शेवटपर्यंत खाल्लं.

सध्या दुसरी कादंबरी चालू आहे. ती स्वप्नाच्या फोनवर येते आणि स्वप्नाच वाचते, कारण ती मध्ये काही घालत नाही. आई जेवते. रायचूरच्या वाटेवरचे माझे हप्ते फोनमध्ये आहेत. भाऊ भेटला का, हे त्यानंतर गल्लीत कुणी विचारलेलं नाही.