दाएँ म्हणजे डावं नव्हे

ग्वाल्हेरला पडावजवळच्या एका केंद्रात दृष्टिहीन मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. तिथले सर एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, बच्ची के दिमाग में दिशा बैठ ही नहीं रही. गेम अभी रहने दीजिए." बाजूला म्हणजे जेमतेम दोन हातांवर. माझ्या मुलीने सगळं ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण माणूस मनाने वाईट नव्हता, म्हणून तिचा हात धरून निघाले.

नजर गेल्यापासून ती थाटीपुरच्या आमच्या क्वार्टरमधून खाली खेळायला उतरलीच नव्हती. मैत्रिणी हाका मारून थकल्या. मग केंद्रात हा गेम आला. गाडी पळवायची, पण बघायचं काहीच नाही. हेडफोनमध्ये इंजिन घरघरतं आणि एक बाई हिंदीत सांगते, दाएँ मुड़ो, बाएँ मुड़ो. त्याप्रमाणे बटण दाबायचं. कित्येक महिन्यांनी ती कशासाठी तरी घाईघाईने चपला घालायला लागली होती. आणि गाडी मात्र वळणावळणावर आपटत होती.

परतताना रिक्षात तिने विचारलं, "आई, डोळे गेले, आता डोकंपण जातंय का माझं?"

"काहीतरीच काय!" मी म्हटलं. तेव्हाच ठरवलं, हा गेम काही सुटू द्यायचा नाही.

सरांकडून तो घरच्या लॅपटॉपवर घेतला, आवाज दोघींना ऐकू येईल असा मोठा ठेवला. माझ्याच डोळ्यांवर ओढणी बांधली आणि ऐटीत म्हणाले, "बस इथे. किती सोपं आहे ते सांगते तुला." हात दाखवून अवलक्षण! पहिल्याच 'दाएँ'ला मी गाडी डावीकडे घातली आणि ठोकली.

"आई, तू भी?" ती किंचाळलीच. "तूपण डावीकडे गेलीस!"

माझा जन्म ग्वाल्हेरचा. भाजीवाल्याशी भांडते तीसुद्धा हिंदीत. पण एरवी कोणी 'दाएँ' म्हणालं की त्याचा हातही दिसतो. डोळे बांधल्यावर उरला नुसता शब्द. आणि घरात आम्ही तिला दिवसभर सांगत होतो ते मराठीत: डावीकडे पायरी आहे, उजवीकडे खुर्ची. मग घाईत 'दाएँ' कानावर पडलं की ते 'डावी'सारखंच वाटणार आणि हात आपोआप डावीकडेच जाणार, वळायचं असतं उजवीकडे. मी तिला घट्ट जवळ घेतलं आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

"उद्याच सरांना सांगते, मराठीत आवाज भरा म्हणावं."

"नको," ती म्हणाली. "बाहेर सगळे हिंदीतच बोलतात ना? मी हेच शिकणार."

मग घरात दिशा हिंदीत सुरू झाल्या. जेवायला बसलं की तिचे बाबा सांगायचे, चटणी बाएँ, भाजी दाएँ. पानाची डावी बाजू बाएँ झाली, आणि बाबा चुकले की ती त्यांना फैलावर घ्यायची. गेममध्ये स्वतः चुकली की चरफडायची, पण लॅपटॉपसमोरून उठायची नाही. मी "पुरे आता" म्हटलं तर माझ्यावरच डाफरायची.

पुन्हा केंद्रात गेलो. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले, मुठी आवळून. गाडी एकदाही न आपटता शेवटपर्यंत गेली.

"अरे वाह!" सर खूश झाले. "अब बैठ गई दिमाग में दिशा."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"दिमाग तो ठीक ही था, सर," ती म्हणाली. "मराठी में चल रहा था."