मागून आणलेली खुर्ची

बुधीआजीच्या दारातून उपाशी परतलेला माणूस वाडीत शोधून सापडला नसता. आणि खुद्द तिला जेवताना पाहिलेला माणूसही सापडला नसता, पण हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. मी तिथली शाळेची बाई. रोज त्याच वाटेनं जात होते, तिच्या ओट्यावर टेकत होते, पण माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

किन्हवलीहून डोंगराच्या अंगाला तासभर चाललं की ठाकरांची ती वाडी लागे. वीसेक घरं आणि माझी एका खोलीची शाळा. आजीचा मुलगा आणि सून दोघंही गेलेले. मागे राहिली होती नात साळी, ती माझ्याच तिसरीत होती. आजी लावणीला मजुरीवर जाई, एरवी लाकडाची मोळी नाहीतर करवंदं घेऊन किन्हवलीच्या बाजारात बसे. त्यावर दोघींचं कसंबसं चाले.

"पाव्हना एका घरचा नसतो, वाडीचा असतो," असं ती म्हणायची. तिच्याकडे कुणी आलं की कप एका घरून, साखर दुसऱ्या घरून, तांदळाचं पीठ तिसऱ्या घरून यायचं. वाडीत सगळेच असं करत, पण आजीचा त्यात कुणी हात धरला नसता. एकदा मला शाळेतच ताप भरला. तिनं मला घरी नेऊन निजवलं, तर अंगावरची गोधडी एकाची, डोक्याखालची उशी दुसऱ्याची आणि चहातलं दूध तिसऱ्याचं. दुसऱ्या दिवशी सगळं धुऊनपुसून ज्याचं त्याला परत गेलं.

घर म्हणजे कारवीचे कूड, वरून शेणानं सारवलेले. मागचा कूड आत कलला होता आणि त्याला ऐनाच्या लाकडाचा टेकू दिलेला होता. साळीला ती त्या कुडापासून लांब, चुलीजवळ निजवायची आणि स्वतः कुडाच्या बाजूला आडवी व्हायची. "पडला तर माझ्यावर पडंल," म्हणायची, "माझं काय, पिकलं पान." सरकारकडून गरिबांना घरकुल मिळतं हे तिनं ऐकलं होतं. दर पंधरा दिवसांनी मला विचारायची, "बाई, आमचा नंबर कवा?" तिनं माझ्याकडे दुसरं कधी काही मागितलं नाही.

दोन हजार सालानंतर दारिद्र्यरेषेचा नवा सर्व्हे आला आणि आमच्या भागात तो आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडला. घरात वस्तू कोणत्या, कपडे किती, जेवण किती वेळ, असे तेरा प्रश्न. प्रत्येकाला गुण. ज्याचे गुण कमी तो जास्त गरीब, आणि घरकुल त्याला आधी. शाळेत आम्ही मुलांना जे शिकवतो त्याच्या अगदी उलटं! आदल्या दिवशी मी मोठ्या आनंदानं आजीला सांगून आले, की उद्या तालुक्याचे साहेब घर बघायला येणार आहेत. जळ्ळं मेलं माझं तोंड. न सांगते तर आजी आज पक्क्या घरात असती.

दुसऱ्या दिवशी दारात अंगणवाडीची लोखंडी खुर्ची मांडलेली. आत फळीवर स्टीलची ताटं, दोरीवर तीन लुगडी, आणि साहेबांना करमावं म्हणून शेजारच्या काळूचा रेडिओ चालू. आजीच्या अंगावर कुणाचं तरी कोरं लुगडं होतं. मला त्यातली एकेक वस्तू ओळखता येत होती. साहेब खुर्चीवर बसले, तांदळाची भाकरी आणि अंड्याचं कालवण मजेत जेवले आणि जेवताजेवता त्यांनी विचारलं, दोन वेळचं मिळतं ना? आजी म्हणाली, मिळतं की, तुम्ही पोटभर जेवा.

मी कागदावर पेन टेकवून बसले होते. साहेब म्हणाले, "डोळ्यांना दिसतं ते लिहा, बाई." मी लिहिलं. हे सगळं मागून आणलेलं आहे, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. पण तिच्या तोंडावर ते बोलणं म्हणजे तिला चारचौघांत उघडं पाडणं. आणि साहेबांची भीतीही होती, खोटं कशाला बोलू? दोन्हीतलं जास्त काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

ग्रामसभेत यादी वाचली तेव्हा आजीचं नाव त्यात नव्हतं. काळूचं होतं, कारण त्या दिवशी त्याचा रेडिओ आजीच्या घरात होता. काळू बिचारा मान वर करीना. आजीनंच त्याला सांगितलं, "अरे, वाडीत एक तरी पक्कं घर झालं का नाय?" आणि त्याच्या घराच्या पायाच्या कामाला ती पाट्या उचलायला गेली.

मी मात्र इरेला पेटले. हरकतीचा अर्ज लिहिला आणि तिला शहापूरला पंचायत समितीत घेऊन गेले. साळीला एकटी कुठे ठेवायची, म्हणून तीही आली. एसटीत साळी खिडकीला डोकं टेकून झोपली, तेवढ्या वेळात मी आजीकडून घोकून घेतलं: खुर्ची मागून आणलेली, लुगडी स्वतःची दोनच, जेवण एक वेळ. ती मान हलवत होती. आतले अधिकारी खरंच भले निघाले. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, आजी, न लाजता खरं सांगा, दोन वेळ जेवता का?

आजीनं साळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "जेवतो."

बाहेर आल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात मी तिला नाही नाही ते बोलले. हातातोंडाशी आलेलं घर घालवलंस, म्हणाले. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. साळी पुढे जाऊन दुकानातले फुगे बघत होती, तेव्हा आजी हळूच म्हणाली, "पोर उभी व्हती, बाई. तिच्यासमोर कसं सांगू? तिला ठावं नाय. तिला वाटतं, आजीला भूकच लागत नाय."

मी साळीला हाक मारली आणि आम्ही परतीची एसटी धरली.

त्या श्रावणात मागचा कूड बसला. नशिबानं दुपारची वेळ होती, दोघी बाहेर होत्या. दिवाळीनंतर आजी साळीला घेऊन वाशिंदकडच्या वीटभट्टीवर गेली. चौथीच्या हजेरीत साळीचं नाव मी वर्षभर ठेवलं, पण ती आली नाही.

फाल्गुनात काळूनं निरोप आणला, की आजी भट्टीवरच वारली. मी रविवारी गेले. कच्च्या विटा नुसत्या एकावर एक रचून उभ्या केलेल्या खोपटात साळी होती. काळूचा भाऊ आणि भावजय तिथेच कामाला होती, ती तिला बघत. मला पाहून ती रडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "थांबा हां बाई," आणि पळाली. मुकादमाकडून तिनं खुर्ची आणली. शेजारच्या खोपटातून कप आणला. ताटलीत एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः विटांना टेकून उभी राहिली.

मी म्हटलं, "तू बस ना गो, अर्धी अर्धी खाऊ."

"तुमी जेवा, बाई," साळी म्हणाली. "मला भूकच लागत नाय."