मोठीचं गाठोडं

पैसा कसा सांभाळावा हे या जगात फक्त एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस दुर्दैवाने माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहणार कोंढा, शेती धानाची, आणि जन्मभर साऱ्या जगावर संशय. लाखांदूरला माझ्याकडे एसटीने येतात तेव्हा तिकिटापुरते पैसे वरच्या खिशात, बाकीचे मोज्यात, आणि मागच्या खिशात एक जुनं पाकीट, खास चोरासाठी. त्यात दहाच्या दोन फाटक्या नोटा. "बिचारा मेहनत करून हात घालन, अन् खाली हात जाईन? शाप देईन ना तो!" बरं, दर पाच मिनिटांनी वाकून मोजा चाचपतात, त्यामुळे खरे पैसे कुठे आहेत हे चोराला काय, कंडक्टरलाही पाठ झालं आहे.

तर हे गृहस्थ गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला निघाले आणि सोबतीला मला ओढलं. मुलगी तिकडे नोकरीला, तिला पहिलं बाळ झालेलं. तिने बापासाठी परदेशात चालणारं कार्ड काढून दिलं आणि त्याचे चार आकडे कुणालाही सांगू नका म्हणून दहादा बजावलं. यांनी ते अर्ध्या गावाला सांगितले! मी तडकलोच. "अहो भाऊ, गुपित असतं ते!" तर मलाच उलटा सवाल, "मंग मी तिकडं भुललो तं फोन लावून कोणाले विचारू?" आता या माणसापुढे कपाळ किती वेळा बडवायचं?

पण त्यांचा जीव कार्डात नव्हताच, तो गाठोड्यात होता. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मोठी म्हणायचो. ती दोन वर्षांपूर्वी गेली. शेतातली लाखोरीची डाळ विकून तिने चार पैसे साठवले होते. त्या नोटा लुगड्याच्या फडक्यात मूठभर धानासोबत बांधून तिने धान साठवायच्या ढोलीत पुरून ठेवल्या होत्या, पोरीच्या पहिल्या लेकरासाठी. त्यांच्या घरची रीतच ती. पैसा एकटा ठेवला की त्याला पाय फुटतात, धानासोबत ठेवला की घर सोडत नाही. ते गाठोडं मोठीने बांधलं तसं, गाठीसकट, पोरीच्या हातात द्यायचं होतं. मी म्हटलं, "भाऊ, हे रुपये तिकडे चालत नाहीत. इथेच बदलून घ्या."

"बदलले तं तिचे काहून राहतीन, मास्तर?"

म्हटलं, ठीक, निदान धान तरी काढा, तिकडे बी-बियाणं नेऊ देत नाहीत. "हो जी," म्हणाले. हा माणूस इतक्या लवकर हो म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

विमानात फॉर्म आले. धान्य, बियाणं जवळ आहे का? दोघांच्याही फॉर्मवर मी ठसठशीत 'नाही' लिहिलं. उतरल्यावर तिथल्या तपासणीवाल्या बाईने माझी बॅग उघडली आणि माझ्या सदऱ्यांखालून गाठोडं काढलं. माझ्या! छत्तीस वर्षं पोरांना 'खोटं बोलू नये' शिकवलेल्या माणसाच्या बॅगेतून! मी साडभाऊंकडे बघितलं. "तुमच्यावर कोण शक करन जी? मास्तर आहा तुमी," ते हळूच म्हणाले.

गाठ काही सुटेना. मोठीची गाठ ती! बाईने नखांनी कशीबशी सोडवली. नोटा परत दिल्या आणि धान पिशवीत भरून बाजूला ठेवलं. ते नष्ट करणार म्हणाली. आणि ज्या माणसाने आयुष्यात सख्ख्या भावापुढे पाकीट उघडलं नाही, त्याने सगळ्या नोटा तिच्यापुढे सरकवल्या. "हे ठेवून घे माय, पण धान दे. तिच्या हातचं आहे. सांगा ना मास्तर तिले!"

मी कशाला सांगतो? लाच दिली म्हणून दोघंही आत गेलो असतो. एवढंच सांगितलं की हे याच्या बायकोने बांधलं होतं आणि ती आता नाही. बाई 'सॉरी' म्हणाली, नोटा परत केल्या, धान मात्र दिलं नाही, आणि वर ताकीद लिहून दिली. ती कुणाच्या नावावर? माझ्या!

बाहेर येईपर्यंत माझं तोंड चालू होतं. त्यांची अक्कल काढली, वय काढलं, माझी इभ्रत कशी मातीत घातली तेही सांगितलं. ते नोटा फडक्यात बांधत होते, पण गाठ बसतच नव्हती. शेवटी फडकं माझ्यापुढे धरलं. "मारून द्या ना मास्तर. माह्या हातानं होऊन नाही राहिलं." मी रागारागानेच मारून दिली.

पोरीने गाठोडं हातात घेतलं आणि लगेच म्हणाली, "बाबा, ही आईची गाठ नाही."

"नाही माय. तिची वाटेत सुटली. ही तुह्या मावसाजीची आहे."

तिने ते गाठोडं बाळाच्या उशाशी ठेवलं, आणि आजतागायत सोडलेलं नाही म्हणे. ताकिदीचा तो कागद माझ्या कपाटात आहे आणि साडभाऊंवरचा माझा राग अजून तसाच आहे. मोठी असती तर आम्हा दोघांनाही झापलं असतं. आधी मला, गाठ सैल मारली म्हणून.